कॉफीच्या बीपुढचा पेच

कॉफीच्या बीला उगवताना जो पेच पडतो तो ज्वारीला पडत नाही, हरभऱ्याला पडत नाही, आंब्याच्या कोयीलाही पडत नाही. आपण जे भाजतो आणि दळतो, तो खरं तर गर्भासाठी साठवलेल्या अन्नाचा गोळा. हिरवट करडा आणि चांगलाच टणक. त्याच्या एका टोकाशी जेमतेम चार मिलिमीटरचा गर्भ निजलेला असतो. उगवायचं तर त्याला याच अन्नावर जगायचं आहे, दुसरं काही जवळ नाही. आणि या अन्नात कॅफीन आहे. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाच्या बीत वजनाच्या एक ते दीड टक्का, रोबस्टाच्या बीत दोन टक्क्यांच्याही वर. वाढत्या मुळाच्या टोकाला कॅफीन सोसत नाही. आईने शिदोरी बांधून दिली खरी, पण ती वेळ पाहून आणि बेतानेच सोडावी लागते.

कॉफीचं झाड मी पहिल्यांदा पाहिलं ते चिखलदऱ्याला. मराठी मुलखात कॉफी पिकते याचंच तेव्हा नवल वाटलं होतं. तुकतुकीत हिरवी पानं, फांदीला चिकटून बसलेली फळं, आणि फळ चिमटीत दाबलं की बुळबुळीत गरातून निसटणाऱ्या दोन बिया, सपाट बाजूंनी एकमेकींना टेकलेल्या. हे झाड कदंबाच्या कुळातलं, एवढं पुस्तकात वाचलेलं होतं. त्या बियांच्या आत काय चाललेलं असतं ते मात्र पुढे, वर्गात कांदा शिकवता शिकवता कळत गेलं.

हो, कांदाच. तालुक्याच्या गावी मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. सूक्ष्मदर्शक जुने होते, रसायनं जपून वापरावी लागत, पण कांद्याला कधी तोटा पडला नाही. रुंद तोंडाच्या बाटलीवर कांदा असा बसवायचा की त्याचा बुडखा पाण्याला जेमतेम टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं लोंबायला लागतात. सकाळी त्यांची टोकं कापायची, ॲसिटोकार्मिन या लाल रंगात घालून स्पिरिटच्या दिव्यावर किंचित गरम करायची, काचपट्टीवर घेऊन वर कव्हरस्लिप ठेवायची, पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलके हलके ठोकायचं आणि टिपकागदात धरून अंगठ्याने दाबायचं. बी. एस्सी. ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या कुणाच्याही बोटांना हे अजून आठवत असेल. भिंगाखाली पेशी पसरलेल्या दिसतात आणि त्यांतल्या काहींमध्ये लालसर गुणसूत्रं: कुठे गुंतवळ, कुठे मधोमध रांगेत उभी, कुठे दोन टोकांना ओढली गेलेली.

आता तीच मुळं तासभर कॅफीनच्या पातळ द्रावणात ठेवायची, मग काही वेळ साध्या पाण्यात, आणि पुन्हा तीच कृती. या वेळी काचपट्टीवर काही पेशी अशा सापडतात की एकाच पेशीत दोन केंद्रकं, शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामध्ये भिंतच नाही. पहिल्यांदा बघणारा विद्यार्थी हमखास म्हणतो, "मॅडम, दोन पेशी एकमेकींवर चढल्यात." मग फोकस वरखाली करून दाखवावं लागतं की पेशी एकच आहे.

प्राण्याची पेशी दुभागते तेव्हा ती बाहेरून आवळत जाते. वनस्पतीच्या पेशीभोवती ताठ भिंत असते, तिला तसं आवळता येत नाही. म्हणून ती आतून सुरुवात करते. मधोमध इवल्या इवल्या पिशव्या गोळा होतात, एकमेकींत मिसळतात, त्यांची एक नाजूक चकती होते आणि ती कडेकडे वाढत जाऊन जुन्या भिंतीला भिडते. हिला पेशीपट्टिका म्हणतात. कॅफीन नेमकं इथे आडवं येतं. गुणसूत्रं वेगळी होतात, दोन केंद्रकं बनतात, पट्टिका धरायलाही लागते, पण पक्की होण्याआधीच विरून जाते. १९६० च्या दशकात स्पेनमधल्या संशोधकांनी कांद्याच्या मुळांवर हे बारकाईने तपासलं आणि तेव्हापासून पेशीपट्टिका अडवायची असली की प्रयोगशाळेत कॅफीन हाताशी घेतात. आपल्याला कॉफीने तरतरी येते ती मेंदूत झोप आणणाऱ्या ॲडेनोसीन या द्रव्याच्या जागा कॅफीनने अडवल्यामुळे. झाडाला मेंदूही नाही आणि त्या जागाही नाहीत. रेणू तोच, पण झाडाच्या पेशीत त्याचा घाव दुसरीकडे बसतो.

मग कॉफीचं बी उगवतं कसं? १९८३ साली फ्रीडमन आणि वॉलर या दोघांनी उगवत्या बियांकडे याच प्रश्नाने पाहिलं, आणि त्यांना जे सापडलं ते मला आजही वनस्पतींच्या सगळ्या गोष्टींत सर्वांत देखणं वाटतं. बी भिजतं, गर्भ जागा होतो आणि मुळाच्या मागचा दांडा लांबायला लागतो. लांबणं म्हणजे असलेल्याच पेशींनी पाणी पिऊन ताणलं जाणं. त्याला नवी भिंत घालावी लागत नाही, म्हणजे कॅफीनला अडवायला काही सापडत नाही. या लांबण्याने मुळाचं टोक ढकललं जातं, कॅफीनने भरलेल्या अन्नापासून दूर, बाहेरच्या ओल्या मातीत. पेशीविभाजनाचं नाजूक काम तिथे, अन्नापासून अंतर राखून होतं. आधी लांब व्हायचं, मग वाढायचं. हे सगळं सावकाश चालतं. बी पेरल्यापासून कोंब वर यायला दीड महिना सहज जातो. कर्नाटकातल्या रोपवाटिकांमध्ये त्या अवस्थेतल्या रोपाला टोपी म्हणतात, कारण बारीक दांड्याच्या डोक्यावर ते बी तसंच बसलेलं असतं.

एवढा त्रास असून झाड कॅफीन करतं तरी कशाला, हा प्रश्न ओघानेच येतो. हार्वर्डचे जेम्स नॅथन्सन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की चहा-कॉफीत असतं तेवढ्या प्रमाणातल्या कॅफीनने अळ्यांचं खाणं मंदावतं, वागणं बिघडतं, त्या मरतातही. २००२ मध्ये हवाईतून बातमी आली ती वेगळ्याच वाटेने: तिथे उपद्रवी बेडकांवर कॅफीन फवारून बघत होते, तेव्हा लक्षात आलं की एक-दोन टक्क्यांच्या द्रावणाने मोठमोठ्या गोगलगायी मरतात. कोवळं पान, कोवळा शेंडा, बी, म्हणजे ज्यावर कुणाचाही डोळा असतो तिथेच कॅफीन जास्त. चहाची दोन पानं आणि एक कळी आपण खुडतो, तीही त्याच जागेवरून.

पण हेच झाड फुलातल्या मधुरसातही थोडं कॅफीन घालतं. लिंबूवर्गातली झाडंही घालतात. मधमाशीला कडू लागणार नाही इतपतच. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या जेराल्डिन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की असा रस चाखलेल्या माशांना त्या फुलाचा वास दुसऱ्या दिवशी आठवण्याची शक्यता साध्या साखरपाण्यावरच्या माशांपेक्षा तिप्पट असते. विदर्भात आंबिया बहार धरतो तेव्हा संत्र्याच्या बागांमध्ये घुमणाऱ्या माशा मला या अभ्यासापासून वेगळ्याच दिसू लागल्या आहेत. पानात जे अळीला हाकलतं, तेच फुलात माशीला परत बोलावतं. प्रमाण आणि जागा बदलली की अर्थ बदलतो.

आणि हे झाडांना एकदाच सुचलेलं नाही. २०१४ मध्ये रोबस्टा कॉफीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. कॅफीन बनवणारी तिची जनुकं चहाच्या आणि कोकोच्या जनुकांशी ताडून पाहिली तेव्हा दिसलं की कॉफीने ही विद्या त्यांच्यापासून अगदी स्वतंत्रपणे कमावली आहे.

आता शेजाऱ्यांकडे येऊ. पानं गळतात, फळं गळतात, पावसाने धुऊन निघतात, आणि कॅफीन मातीत उतरतं. तिथे दुसऱ्या कुणाचं बी पडलेलं असलं तर? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिझवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडे हेच तपासलं. कॉफीच्या बीतलं कॅफीन त्यांनी काटेमाठावर घालून पाहिलं आणि काटेमाठाचं बी उगवेना. त्याच कॅफीनचा उडदावर मात्र तसा परिणाम झाला नाही. शेतकऱ्याला हवं तेच हे: तण मरावं आणि पीक राहावं. कॅफीनकडे नैसर्गिक तणनाशक म्हणून बघण्याची सुरुवात तिथून झाली. बाजारात ते तणनाशक म्हणून रुळलं नाही, पण प्रश्न चांगला होता आणि तो इथल्याच तणावर विचारला गेला होता, याचं मला कौतुक वाटतं.

घरोघरी हा प्रश्न वेगळ्या रूपाने रोज पडतो. चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडीत घालावा का? आमच्या पिढीने तो कायम घातला. हल्ली कॉफीचा गाळही लोक जपून ठेवतात, कुंडीत ओततात. त्यात नत्र असतं, तो मातीत ओल धरतो, हे खरं आहे. पण मेलबर्नमध्ये हार्डग्रोव्ह आणि लिव्हस्ली यांनी ब्रोकोली, लीक, मुळा, सूर्यफूल अशी रोपं घेऊन कॉफीचा ताजा गाळ मातीत मिसळून पाहिला. त्यांचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. मातीची पाणी धरण्याची ताकद वाढली, पण एकूण एक पिकाची वाढ खुंटली. खत घातलं तरी खुंटली, माती बदलली तरी खुंटली. तणही कमी उगवलं. गाळातलंच काहीतरी रोपांना बाधतं आहे, असं त्यांना म्हणावं लागलं.

मीही मेथी घेऊन बसले होते. दोन बशा, दोन्हींत ओला टिपकागद, एकीत साधं पाणी, दुसरीत थंड झालेली बिनदुधाची कॉफी. साध्या पाण्यातल्या मेथीने लांब, पांढरी, सरळ मुळं सोडली, त्यांवर केसांची लव. कॉफीतल्या मेथीला मोड आले, पण मुळं आखूड आणि जाडसर राहिली, टोकांना तपकिरी झाली, लव जवळपास नाहीच. बघायला फार बोलका प्रयोग आहे, मुलांकडून अवश्य करून घ्यावा. फक्त त्यावरून "कॅफीनने केलं" असं म्हणता येत नाही. कॉफीत क्लोरोजेनिक आम्लं आहेत, भाजताना झालेली आणखी शेकडो संयुगं आहेत. शुद्ध कॅफीनची तिसरी बशी असल्याशिवाय बोट कुणाकडेच दाखवायचं नाही.

आणि बशीतल्या कागदावर जे दिसतं ते मातीत तसंच होईल असंही नाही. कूर्गला कॉफीच्या मळ्यात जा. कॉफीच्या झुडपांवर सावली धरायला सिल्व्हर ओक, फणस. त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढलेले. जुन्या मळ्यांतून कूर्गची प्रसिद्ध संत्री. पिढ्यान् पिढ्या कॉफीची पानं त्याच मातीत कुजताहेत, आणि मिरी लगडते आहे. कॅफीन जर मातीत साठून सरसकट सगळ्यांना मारत असतं, तर हे मळे असे दिसले नसते. माती म्हणजे कोरा कागद नव्हे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या आवारात, फुलांच्या एका वाफ्यातल्या मातीत स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूचा असा वाण सापडला आहे की जो निव्वळ कॅफीनवर जगतो. कार्बनही त्यातून, नत्रही त्यातून. म्हणून चोथा किंवा गाळ आधी कंपोस्टमध्ये चांगला कुजू द्यावा आणि मगच कुंडीत घालावा, हे मी आता सगळ्यांना सांगते. कुजण्यात असे जिवाणू आपलं काम करून टाकतात.

एका वनस्पतीने सोडलेल्या रसायनाचा दुसरीवर होणारा परिणाम, या सगळ्या विषयाला ॲलेलोपथी हे नाव हान्स मोलिश यांनी दिलं, १९३७ साली. व्हिएन्नाचे हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९२८-२९ च्या सुमारास कोलकात्याला, जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत काही महिने काम करून गेले होते. त्यांच्या त्या शेवटच्या पुस्तकात भर होता तो पिकत्या सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूवर. आंब्याची अढी घालणाऱ्या कोकणी माणसाला हे वेगळं सांगायला नको. एक फळ पिकायला लागलं की गवतातली शेजारची फळंही धरतात, आणि ते त्याच वायूने. म्हणजे सुरुवातीपासूनच या विषयात मारणं, अडवणं आणि पिकवणं सगळं एकत्र होतं. पुढे मात्र झाडांच्या विषाच्या गोष्टीच जास्त चालल्या. त्या चालतातच.

त्यातली सर्वांत जुनी गोष्ट अक्रोडाची. अक्रोडाची सावली वाईट, हे रोमच्या प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाखाली टोमॅटो कोमेजतात हे १९२० च्या दशकात शोधनिबंधांत आलं आणि जुग्लोन या संयुगाकडे बोट गेलं. झाडाच्या आत ते निरुपद्रवी रूपात असतं, हवा लागली की जुग्लोन होतं. बागकामाच्या पुस्तकांत तेव्हापासून अक्रोडाखाली काय लावू नये याच्या याद्या छापल्या जातात. मैदानातल्या पुराव्याला मात्र त्या याद्यांइतकं बळ नाही. दाट सावली आणि पाण्यासाठी चालणारी ओढाताण वजा केल्यावर जुग्लोनच्या वाट्याला किती उरतं, यावर जाणकार अजून भांडतात.

हे भांडण किती शहाणपणाचं असतं ते कॅलिफोर्नियात दिसलं. तिथल्या टेकड्यांवर सॅल्व्हियाची सुगंधी झुडपं वाढतात आणि प्रत्येक जाळीभोवती एक-दोन मीटरचा पट्टा उघडाबोडका असतो. गवताचं पातं नाही. त्यापलीकडे लगेच हिरवंगार गवत. विमानातून काढलेल्या फोटोत झुडपांभोवती पांढरी किनार आखल्यासारखी दिसते. कॉर्नेलियस म्युलर यांनी १९६४ मध्ये मांडलं की झुडपाच्या पानांतून उडणारी सुगंधी द्रव्यं मातीत मुरतात आणि गवताला उगवू देत नाहीत. प्रयोगशाळेत त्या वाफांनी रोपांची मुळं खरोखर खुंटत होती. 'सायन्स' या नियतकालिकाने तो फोटो मुखपृष्ठावर घेतला आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो गेला.

मग ब्रूस बार्थोलोम्यू यांनी त्या उघड्या पट्ट्यावर तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले. बाकी काही केलं नाही. वास तोच, माती तीच, झुडूपही तेच, फक्त पिंजऱ्यात उंदीर, ससे आणि पाखरं शिरू शकत नव्हती. पिंजऱ्याच्या आत गवत उगवलं. ही गोष्ट १९७० ची. ससे-उंदीर झुडपाच्या आडोशाने राहतात, ससाण्याच्या भीतीने फार लांब जात नाहीत आणि आडोशापासून जेवढं धावता येईल तेवढ्या पट्ट्यातलं गवत नि दाणे फस्त करतात. पट्ट्याची रुंदी बरीचशी त्यांच्या भीतीने ठरवलेली होती. म्युलर यांनी पाहिलेल्या वाफा खोट्या नव्हत्या. मैदानातल्या त्या किनारीचं मोठं कारण मात्र दुसरं निघालं. मला हा पिंजरा विज्ञानातल्या मोठमोठ्या यंत्रांच्या तोडीचा वाटतो. पुढे २००३ मध्ये अमेरिकेत माजलेल्या एका युरोपीय तणाबद्दल, ते मुळांतून कॅटेचिन नावाचं द्रव्य सोडून देशी गवतं मारतं असा गाजलेला निबंध त्याच 'सायन्स'मध्ये आला. इतरांना मातीत तेवढं कॅटेचिन सापडेना, आणि २०१० मध्ये तो मागे घ्यावा लागला.

आपल्याकडे विषाचा आळ पहिल्यांदा जातो तो गाजरगवतावर, आणि त्यात बरंच तथ्य आहे. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि काही दशकांत ते देशभर पसरलं. पार्थेनिन नावाचं त्याच्यातलं संयुग माणसाच्या त्वचेलाही सोडत नाही. गाजरगवत उपटल्यावर हातांना सुटणारी खाज ज्यांनी भोगली आहे त्यांना सांगायला नको. पानांचा अर्क दुसऱ्या बियांची उगवण रोखतो हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तरी गाजरगवत पसरतं ते एकट्या पार्थेनिनच्या जोरावर नाही. एकेका झाडाला हजारो बिया, पाणी मिळालं की बारमाही उगवण, आणि गुरं तोंड लावत नाहीत. १९८४ मध्ये बंगळुरूला सोडलेला मेक्सिकन भुंगा त्याची पानं खातो. आणि आपला टाकळा, पहिल्या पावसात ज्याची भाजी करतो तो, जिथे दाट वाढतो तिथे गाजरगवताला वर येऊ देत नाही. कृषी खातंही टाकळ्याचं बी विस्कटायला सांगतं. टाकळ्याच्या या दडपण्यात सावली किती आणि रसायन किती, हे बार्थोलोम्यूसारखं कुणीतरी आपल्या माळावर पिंजरे ठेवून, पट्टे आखून बघायला हवं. महाग काम नाही हे. एखाद्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही जमेल.

ज्वारीकडे मात्र मला सर्वांत जास्त वेळ बसावंसं वाटतं. माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यातलं, मालदांडीच्या रानातलं. मामा म्हणायचा, "बाई, जवारी रान खाती. तिच्या मागनं येणारं पीक जरा दबूनच असतंय." त्याचं एक कारण साधं आहे. ज्वारी जमिनीतून भरपूर उचलते आणि तिची धसकटं कुजताना मातीतलं नत्र काही काळ अडकून पडतं. दुसरं कारण बघायचं असेल तर ज्वारीचे दाणे ओल्या कागदात गुंडाळून अंधारात उगवायचे आणि मूळ भिंगाखाली धरायचं. मुळाच्या प्रत्येक केसाच्या टोकाला एक इवला सोनेरी-पिवळा थेंब असतो, तेलकट, चमकणारा. हे सॉर्गोलिओन. शेजारच्या कोवळ्या रोपात ते शिरलं तर पानातल्या प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडतं, आणि तीही नेमकी त्याच कडीला, जिथे ॲट्राझीन हे तणनाशक तोडतं. मक्याच्या तणासाठी आपण ज्या जातीचं औषध विकत आणून फवारतो, त्याच तऱ्हेचं काम ज्वारीचं मूळ मातीखाली करत असतं.

आणि याच मुळांचा माग काढत तिचा वैरी येतो. टारफुला. ज्वारीच्या बुडाशी पांढरी फुलं काढून उभा राहणारा हा परजीवी ज्याने शेतात पाहिला आहे त्याला त्याची धास्ती कळेल. तो वर दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. त्याचं बी धुळीच्या कणाएवढं असतं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळ यजमानाचं मूळ आल्याशिवाय उगवत नाही. मूळ आलं हे त्याला कळतं कसं? १९५६ मध्ये अमेरिकेत कॅरोलिनात मक्यावर टारफुला सापडला आणि तिथे हा शोध जोरात सुरू झाला. दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, टारफुल्याचं बी जागं करणारं द्रव्य हाती लागलं. गंमत अशी की ते मिळालं कापसाच्या मुळांतून, आणि कापसावर तर टारफुला जगूच शकत नाही. त्या द्रव्याला स्ट्रायगॉल म्हणतात. पुढे १९८६ मध्ये दिसलं की सॉर्गोलिओनचं ताजं, हवा न लागलेलं रूपही टारफुल्याच्या बीला जागं करतं. जो थेंब एका तणाला दडपतो, तोच दुसऱ्याला बोलावतो.

वैऱ्याला बोलावणारी अशी वस्तू झाडं कशाला सोडत राहतात, याचं उत्तर २००५ मध्ये जपानमधून आलं. स्ट्रायगॉलच्या जातीची ही द्रव्यं मुळाशी राहणाऱ्या उपकारी बुरशीसाठी असतात. बुरशीला ती मिळाली की तिला फाटे फुटतात, ती मुळात शिरते आणि दूरच्या मातीतलं स्फुरद झाडाला आणून देते. टारफुला ही हाक चोरून ऐकतो. ज्वारी ती बंद करू शकत नाही, कारण बुरशीवाचून तिचं हलक्या रानात भागत नाही.

शेतकऱ्याला यातून दोन वाटा मिळाल्या. एक जुनी: टारफुल्याच्या रानात एखादं वर्ष कापूस किंवा भुईमूग घ्यायचा. त्यांच्या मुळांनी टारफुल्याचं बी जागं होतं, चिकटायला काही सापडत नाही आणि ते मरून जातं. मामाला मी हे सविस्तर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पालट केल्यावर टारफुला कमी पडतो एवढं आम्हाला ठावं हाय. का पडतो ते आत्ता कळलं."

दुसरी वाट नवी. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी ज्वारीत टारफुल्याला दाद न देणारे वाण काढले आणि त्याबद्दल त्यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. असे काही वाण टारफुल्याला का दाद देत नाहीत याचं जनुक त्यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं. त्या जनुकाचं काम थांबलं की ज्वारी हाक मारणं सोडत नाही, तिचा रेणू थोडा बदलतो. त्या बदललेल्या रेणूने टारफुल्याचं बी फारसं जागं होत नाही, आणि ज्या द्रव्यांच्या हाकेला बुरशी येते त्यांच्याच घराण्यातला तो रेणू असतो. मालदांडीची भाकरी ज्या रानातून येते तिथे हा गुण उतरवता आला, तर टारफुल्याच्या पट्ट्यात मामाला दरवर्षी ज्वारी घेता येईल.